वीस इंचांचा बाक

गेल्या आठवड्यात शेजारची पोरगी मोबाइल घेऊन आली. खो-खो खेळलेली, एम.पी.एड. झालेली. त्यावरच्या यादीत पीएच.डी.च्या गाइडांची नावं, आणि बहुतेकांपुढे ‘रिक्त जागा : निरंक’. “काका, यातलं कोणी तुमच्या ओळखीचं?”

विदर्भाला शारीरिक शिक्षणाची परंपरा मोठी. 1914 साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं, 1936ला त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. हे स्मरणिकांत छापून येतंच, सोडून देतो.

मला आठवतं ते माझ्या पीएच.डी.चं नव्वदचं दशक. मोहाडीहून एसटीने भंडारा, तिथून नागपूर, आणि गाइड भेटतीलच असं नाही. बहुतेकांचा विषय एकच, कबड्डी आणि खो-खो खेळाडूंचा तुलनात्मक अभ्यास. फक्त तालुका बदलायचा. सीताबर्डीवरचा टायपिस्टच विचारायचा, “गृहीतक नेहमीचंच टाकू ना?”

माझे गाइड मात्र एकदा न कळवता मोहाडीला उतरले. मैदानावर हार्वर्ड स्टेप टेस्ट चालू होती. बाकावर मिनिटाला 30 चढउतार, पाच मिनिटं. मेट्रोनोम कुठला, थाळीवर काठीचा ठेका. सरांनी खिशातून टेप काढला. बाक हवा 20 इंचांचा, सुताराने केलेला 18चा. चाळीस पोरांच्या मापांचे कागद त्यांनी तिथेच फाडले. नवा बाक झाल्यावर पुन्हा आले, आणि मातीत बसून पोरांच्या नाड्या स्वतः मोजल्या.

याच माणसाने माझा प्रबंध अकरा महिने कपाटात ठेवला. त्या साली आमचा चिन्नोर तांदूळ बुडाला होता, सरांकडे पोतं पोचलं नव्हतं. त्यांनी कधी मागितलं नाही. पुढचं धान चुरलं, पोतं पोचलं, सही झाली. तोवर ज्या जागेवर माझा डोळा होता, ती भरली गेली होती. मी विसरलेलो नाही.

पुढे नुसते नियम. 2016ला प्राध्यापकाकडे 8, सहयोगीकडे 6, सहायकाकडे 4 विद्यार्थी ठरले. 2022ला एम.फिल. बंद झालं. मर्यादा योग्यच, पण निवृत्तांच्या जागा भरायच्याच नाहीत, तर शून्याला आठाने गुणून काय येणार?

शेवटी पोरीसाठी त्याच सरांना फोन लावला. ऐकू कमी येतं आता. पोरीचा विषय विचारला, बाक स्वतः मोजून घ्यायला सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, “यंदा चिन्नोर कसा आहे रे तुमच्याकडे?”