घड्याळाच्या काट्यावर येणारी नदी

रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळच्या साजे गावी सकाळी पोहोचलेल्या पर्यटकांना प्रथम निराशाच वाटते. समोर कुंडलिकेचे पात्र असते, पण त्यात पाण्यापेक्षा दगडच अधिक दिसतात. मग पाहता पाहता एकेक दगड दिसेनासा होतो, काठाची गवते वाकतात आणि उथळ प्रवाहाची खळाळती नदी होते. रबरी तराफे तयार असतात. बारा-चौदा किलोमीटरांचा जलप्रवास सुरू होतो.

हे पाणी येते कोठून? सह्याद्रीच्या माथ्यावर, पुणे जिल्ह्यात मुळशीचे धरण आहे. मुळा नदी स्वभावतः पूर्ववाहिनी. भीमा आणि कृष्णेच्या वाटेने तिचे पाणी बंगालच्या उपसागरास मिळायचे. धरणाने अडवलेले हेच पाणी बोगद्यातून व नळांतून सुमारे 500 मीटर खाली, भिरा येथील वीजगृहात आणले जाते. जनित्रे फिरवून ते कुंडलिकेत उतरते आणि अरबी समुद्राकडे निघते. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते तेव्हाच नदी भरते. म्हणून तराफ्यांची वेळही त्यावरच ठरते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून हेच पाणी शेतांनाही मिळते.

या आनंदामागे एक जुनी वेदनाही आहे. धरणाखाली पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती आणि गावे जाणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह आरंभिला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेले. त्यांना कारावास घडला; धरण मात्र झाले. आज लाटेवर उसळणाऱ्या तराफ्यातील मुलांना आईवडिलांनी ही कथा अवश्य सांगावी. आपल्या सुखासाठी कोणी काय गमावले, हे जाणणे हाही संस्कारच आहे.

तराफ्यात बसण्यापूर्वी वाटाड्या प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट व डोक्यावर शिरस्त्राण चढवून पट्टे स्वतः ओढून पाहतो. पाण्यात पडल्यास उताणे राहावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत, खडकाळ भागात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, असे तो बजावतो. त्याच्या आज्ञेसरशी सर्वांची वल्ही एकदम चालली, तरच तराफा सरळ जातो. घरात कोणाचे ऐकायचे यावर वाद घालणारे कुटुंबही येथे एका आवाजात वल्हवू लागते.

याच सह्याद्रीत पावसाळ्यात असंख्य ओहोळ व धबधबे वाहतात. त्यांना घड्याळ नसते, वाटाड्याही नसतो. जून 2024 मध्ये लोणावळ्यातील भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यावर उभ्या राहिलेल्यांना डोंगरमाथ्यावर कोसळलेला पाऊस दिसत नाही. तो थेट पायांशी लोंढा होऊन येतो. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की सामान सोडून तत्काळ काठ गाठावा. एका छायाचित्रासाठी आणखी क्षणभर थांबणे प्राणावर बेतू शकते.

दुपारी कुंडलिकेचे पाणी ओसरते, दगड पुन्हा उघडे पडतात. सकाळी त्यांवरून तराफे गेले, हे नवख्याला सांगूनही खरे वाटत नाही. डोंगरातील पाण्याचा आनंद घ्यावा तो याची जाण ठेवून: शांत दिसणारे पात्र ही त्या नदीची केवळ एक वेळ असते.