धाराशिवमधून पेशंट एअर अॅम्ब्युलन्सने हलवायचा म्हणजे नक्की काय करावं लागतं?

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. धाराशिवमधल्या एका दवाखान्यात आयसीयूबाहेर घरचे सगळे उभे आहेत. वडील व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "इथं करता येईल तेवढं केलंय, आता मोठ्या सेंटरला हलवावं लागेल." तेवढ्यात मुंबईच्या पाहुण्यांचा फोन येतो, "एअर अॅम्ब्युलन्स बघा की!"

कुणीतरी मोबाईलवर शोधतं. पहिल्याच जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'कुठूनही, कधीही, लगेच'. फोन लागतो. समोरचा माणूस लाखांतला आकडा सांगतो आणि निम्मे पैसे आत्ताच टाका म्हणतो.

आता घरच्यांच्या हातात निर्णयासाठी काही मिनिटं असतात. शेत गहाण टाकायचं, पाहुण्यांकडून उसने घ्यायचे, की सरळ गाडी काढून सोलापूर गाठायचं? अशा वेळी डोकं चालत नाही. म्हणूनच हा विषय आधीच समजून घेतलेला बरा.

एअर अॅम्ब्युलन्स म्हणजे काय?

बऱ्याच जणांच्या डोक्यात चित्र असं असतं की अपघात झाला, हेलिकॉप्टर आलं, पेशंटला उचललं आणि गेलं. आपल्याकडे बहुतेक वेळा तसं नसतं. इथली एअर अॅम्ब्युलन्स मुख्यतः एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पेशंट नेण्यासाठी वापरतात. म्हणजे पेशंट आधी कुठंतरी दाखल झालेला असतो, त्याची तब्येत त्यातल्या त्यात स्थिर केलेली असते आणि पुढच्या उपचारासाठी त्याला लांब न्यायचं असतं.

यासाठी किंग एअर सी-९० सारखी छोटी विमानं वापरतात. सीट काढून तिथं स्ट्रेचर बसवतात. सोबत व्हेंटिलेटर, मॉनिटर, शॉक देण्याचं मशीन, औषधाचे पंप, सक्शन आणि ऑक्सिजन असतो. दोन पायलट, एक डॉक्टर, एक पॅरामेडिक आणि जागा असेल तर घरातलं एखादं माणूस, एवढंच त्यात मावतं. थोडक्यात, आयसीयूचा एक बेड उचलून विमानात ठेवलाय असं समजा.

दुसरा प्रकार हेलिकॉप्टरचा. ते कमी अंतराला आणि धावपट्टी नसलेल्या ठिकाणी उपयोगी पडतं. तिसरा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. काही विमान कंपन्या नेहमीच्या प्रवासी विमानात काही सीट आडव्या करून स्ट्रेचर लावून देतात. हे स्वस्त पडतं, पण कंपनीची वैद्यकीय परवानगी लागते, त्यात दोन-तीन दिवस जाऊ शकतात आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी हा मार्ग सहसा चालत नाही.

धाराशिवचा पेशंट विमानात चढणार कुठून?

धाराशिवजवळ एक छोटी धावपट्टी आहे. २००९ मध्ये राज्य सरकारने लातूर, नांदेड, यवतमाळ आणि बारामतीसोबत ही धावपट्टीही रिलायन्स समूहातल्या कंपनीला भाडेपट्ट्यावर दिली होती. पण धावपट्टी आहे म्हणजे कुठलंही विमान कधीही उतरेल असं नसतं. धावपट्टीची लांबी त्या विमानाला पुरते का, अग्निशमनाची सोय आहे का, परवानगी द्यायला माणूस हजर आहे का, हे सगळं पाहावं लागतं. आणि जिथं रात्रीचे दिवे नाहीत, तिथं सूर्य मावळल्यावर विमान उतरवता येत नाही. म्हणजे रात्री अकराला घेतलेला निर्णय सकाळपर्यंत थांबू शकतो.

त्यामुळे व्यवहारात दोन पर्याय आधी तपासले जातात, लातूर आणि सोलापूरचे विमानतळ. दोन्हीकडे धाराशिव शहरातून रस्त्याने साधारण दीड तास धरा. मराठवाड्यातलं लोकांना आठवणारं उदाहरण म्हणजे धनंजय मुंडे यांचं. जानेवारी २०२३ मध्ये परळीत रात्री त्यांच्या गाडीला अपघात झाला, बरगड्यांना मार लागला आणि त्यांना लातूरहून एअर अॅम्ब्युलन्सने मुंबईला नेलं. म्हणजे परळी ते लातूर हा टप्पा रस्त्यानेच झाला. उलट मे २०२० मध्ये तेव्हाचे मंत्री अशोक चव्हाण यांना कोरोना झाला, तेव्हा त्यांना नांदेडहून थेट मुंबईपर्यंत रस्त्याने अॅम्ब्युलन्समधूनच नेण्यात आलं होतं.

मग वेळ खरंच वाचतो का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जाहिरातीत 'पुणे ४५ मिनिटांत' असं लिहिलेलं असतं. पण ते फक्त हवेतलं अंतर झालं. आपण हिशेब करू बेडपासून बेडपर्यंतचा.

धाराशिव ते पुणे रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर. चांगली कार्डियाक अॅम्ब्युलन्स पाच तासांच्या आसपास पोहोचवते.

आता विमान. ते आपली वाट बघत लातूरला उभं नसतं. ते मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा कुठल्यातरी तळावरून रिकामं निघतं. त्याआधी रिपोर्ट पाठवणं, त्यांच्या डॉक्टरची मान्यता, पैसे, क्रू, उड्डाणाची परवानगी. सगळं सुरळीत झालं तरी विमान यायला तीन तास धरा. या वेळात पेशंट दीड तासाचा रस्ता कापून विमानतळावर पोहोचू शकतो. मग विमानात शिफ्ट करणं, पाऊण-एक तासाचं उड्डाण, पुण्यात उतरून ट्रॅफिकमधून हॉस्पिटल. सगळी बेरीज पाच-सहा तासांवर जाते. म्हणजे पुण्यासाठी फारसं काही वाचलंच नाही.

शिवाय रस्त्याने नेताना पेशंटला दोनदा हलवावं लागतं: बेडवरून गाडीत आणि गाडीतून बेडवर. विमानाने चार वेळा. गंभीर पेशंटसाठी प्रत्येक शिफ्टिंग म्हणजे नळी निसटण्याचा, बीपी पडण्याचा धोका.

पण हाच हिशेब दिल्ली किंवा चेन्नईसाठी केला तर चित्र पूर्ण उलटतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट अॅम्ब्युलन्समध्ये एवढ्या लांबच्या रस्त्याने न्यायचा की काही तासांत पोहोचवायचा? तिथं विमानाला तोड नाही. मुंबई मधोमध पडते. तिथला निर्णय विमान किती लवकर येतंय आणि पेशंट रस्त्याचे आठ-नऊ तास काढू शकतो का, यावर ठरतो. आणि उमरग्याचा पेशंट हैदराबादला न्यायचा असेल तर सरळ हायवे आहे, आधी रस्त्याचाच विचार करा.

कुणासाठी विमान, कुणासाठी अजिबात नाही?

हार्ट अटॅक, लकवा, अपघातातला रक्तस्राव, साप चावणं. या चारही गोष्टींत विमानाची वाट बघू नका. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. हार्ट अटॅकमध्ये प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. सापाच्या विषावरचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं. इथं जीव वाचतो तो १०८ ला फोन करून आणि उपचार मिळतील अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी पोहोचून, मग ते धाराशिवचं सिव्हिल असो, सोलापूर असो की लातूर.

विमानाचा उपयोग त्यानंतर होतो. यकृत प्रत्यारोपण, मोठ्या प्रमाणात भाजलेला पेशंट, एक्मो मशीनची गरज, नवजात बाळाच्या हृदयाची अवघड शस्त्रक्रिया. म्हणजे उपचार जवळपास नाहीत, पेशंट प्रवास सोसेल एवढा स्थिर आहे आणि अंतर मोठं आहे. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच.

उंचीवर शरीरात काय होतं?

विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. ८,००० फुटांच्या दाबाला श्वासातून मिळणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के असल्यासारखा होतो. धडधाकट माणसाला कळतही नाही, पण न्यूमोनियाच्या पेशंटला ते जड जातं.

दुसरं म्हणजे शरीरात अडकलेली हवा फुगते. या उंचीवर ती जवळपास एक तृतीयांशाने वाढते. बरगडी मोडून फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर उड्डाणाआधी छातीत नळी टाकावी लागते, नाहीतर जिवावर बेतू शकतं. काही पेशंटसाठी पायलटला कमी उंचीवरून विमान न्यावं लागतं, त्यात वेळ आणि इंधन वाढतं. म्हणूनच 'फिट टू फ्लाय' हा कागद नुसता सही-शिक्क्यासाठी नसतो.

खर्च किती आणि सरकार काही देतं का?

खर्च लाखांच्या घरात जातो. कारण आपण फक्त आपल्या प्रवासाचे पैसे भरत नाही. विमान तळावरून रिकामं येतं आणि परत रिकामं जातं, तेही आपल्याच बिलात येतं. काही आरोग्य विम्यांमध्ये एअर अॅम्ब्युलन्सचं कव्हर असतं, पण त्याला रकमेची मर्यादा असते आणि बऱ्याचदा आधी मंजुरी लागते. सरकारी योजनेतून उपचार होणार आहेत म्हणून विमानाचा खर्चही निघेल, असं गृहीत धरू नका.

मध्य प्रदेशने २०२४ मध्ये 'पीएम श्री एअर अॅम्ब्युलन्स' सुरू केली, आयुष्मान कार्ड असणाऱ्यांना ती मोफत आहे. ऋषिकेशच्या एम्समधून ऑक्टोबर २०२४ मध्ये मोफत हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा ९३७ अॅम्ब्युलन्सवर सुरू झाली, पण त्यातल्या २३३ च प्रगत जीवरक्षक होत्या. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. इथल्या आठ तालुक्यांसाठी व्हेंटिलेटर असलेल्या गाड्या आणि जवळच भरवशाचा आयसीयू असणं, हे विमानाहून जास्त लोकांच्या कामी येईल.

धोकाही लक्षात ठेवायला हवा. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून हैदराबादला निघालेल्या एअर अॅम्ब्युलन्सचं एक चाक उड्डाणाच्या वेळी निखळलं आणि विमान मुंबईत पोटावर उतरवावं लागलं. आतले पाचही जण वाचले.

पैसे टाकण्याआधी काय विचाराल?

१. डॉक्टरांना विचारा: जवळ कुठंच हा उपचार होत नाही का? पेशंट उड्डाण सोसेल का? रस्त्याने नेलं तर काय बिघडेल?

२. तिकडच्या हॉस्पिटलमध्ये बेड पक्का झालाय का? स्वीकारणाऱ्या डॉक्टरचं नाव घेतल्याशिवाय विमान बुक करू नका.

३. फोनवरचा माणूस विमानाचा मालक आहे की एजंट? ऑपरेटरचं नाव, डीजीसीएचं नॉन-शेड्यूल्ड परमिट आणि विमानाचा नंबर मागा. भारतातल्या नागरी विमानांचा नंबर 'व्हीटी'ने सुरू होतो.

४. कोटेशन लेखी घ्या. त्यात दोन्हीकडची अॅम्ब्युलन्स, डॉक्टर आणि ऑक्सिजन धरलाय का? उड्डाण रद्द झालं तर किती पैसे परत? पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात टाकू नका.

५. विमान आत्ता कुठं आहे आणि बेडपासून बेडपर्यंत एकूण किती तास लागतील?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की शेजारी रस्त्याचे तास लिहा. बऱ्याचदा निर्णय त्या दोन आकड्यांतच दिसतो. आणि गाडीनं न्यायचं ठरलं, तर घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. विमान परवडलं नाही म्हणून माणूस गेला, असं गावात कुणी म्हणालं तरी धाराशिव ते पुण्याचा हिशेब तसं सांगत नाही.