वीस टनांची चढण

पावसाळा सरून काळी माती वाळली की विदर्भात थांबलेली कामं पुन्हा सुरू होतात आणि नागपूरभोवतीच्या रस्त्यांवर लो-बेड ट्रेलरची वर्दळ वाढते. कुणावर पोकलेन, कुणावर बुलडोझर, तर कुणावर रोलर. श्रीनगर–कन्याकुमारी हा 44 क्रमांकाचा आणि हजिरा–पारादीप हा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच शहरात एकमेकांना भेटतात. 1975 साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथलंच. उमरेड, सावनेर, कामठीच्या कोळसा खाणी आणि कोराडी, मौद्याची वीज केंद्रंही याच जिल्ह्यातली. त्यामुळे अवजड यंत्रांची ने-आण नागपूरकरांना नवी नाही. पण आपल्याला दिसतो तो धावणारा ट्रेलर. तो सुखरूप पोहोचणार की नाही, हे बरंचसं आधीच, यंत्र त्याच्यावर चढलं तेव्हा ठरून गेलेलं असतं.

आधी मापं

पोकलेनला स्वतःचे पट्टे असताना ट्रेलर कशाला? कारण ती चालते ताशी जेमतेम पाच किलोमीटरने, आणि तिच्या पट्ट्यांचे पोलादी दात डांबर उचकटून टाकतात. खोदकामावर सर्रास दिसणारी पोकलेन साधारण 20 टनांची असते. तिची रुंदी सुमारे 2.8 मीटर. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 93 व्या नियमानुसार वाहनाची रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे हे नेहमीचं यंत्रसुद्धा ट्रेलरवर चढलं की मापाबाहेर जातं. मग परवानगी, लाल झेंडे, दिवे हे सगळं ओघानंच आलं.

उंचीचा हिशेबही तितकाच कडक. बूम दुमडून खाली टेकवल्यावर यंत्र तीन मीटर भरतं. खाली ट्रेलरचा पाटा जवळपास एक मीटर. बेरीज चार. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर दोन्ही बाजूंना उंचीची कमान असते, ती 4.67 मीटरवर. तिच्या वर 25,000 व्होल्टची तार. बूम नीट टेकवली नाही, तर हाताशी असलेलं हे अंतर बघता बघता संपतं.

मग चढण

मागचे रॅम्प टाकायचे ते घट्ट, सपाट जमिनीवर. उतार 15 अंशांच्या आत हवा. पाटा 90 सेंटिमीटर उंच असेल, तर त्यासाठी साडेतीन मीटरचा रॅम्प लागतो. ट्रेलरच्या चाकांना उटी लावलेली, ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचा, म्हणजे पुलरचा हँडब्रेक ओढलेला. मग पट्ट्यांतला चिखल खरवडून काढायचा. पोलादावर पोलाद तसंही घसरतं. त्यात नागपूरची चिकट काळी माती आली की रॅम्पवर पकडच उरत नाही. म्हणून रॅम्पवर आणि पाट्यावर लाकडी फळ्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत.

ऑपरेटर बूम पुढे ठेवून, इंजिन मंद ठेवून सरळ चढतो. रॅम्पवर वळवायचं नाही. रेषा चुकली तर खाली उतरून पुन्हा चढायचं. सगळ्यात धोक्याचा क्षण येतो शेवटी. रॅम्प संपून पाटा सुरू होतो त्या कडेवर यंत्र क्षणभर तोलात उभं राहतं आणि मग पुढे कलतं. तिथं घाई केली तर 20 टन पाट्यावर आदळतात. समोर उभा राहून खुणा करणारा माणूस एकच हवा, आणि तो यंत्राच्या वाटेत नको.

बसवणं आणि बांधणं

ओझं मागे गेलं की बंडी उलाळ होते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलरचंही तेच. वजन मागे राहिलं तर पुलरच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल होते. फार पुढे गेलं तर सारा भार पुलरच्या आसांवर येतो. जुलै 2018 मध्ये केंद्राने आसावरच्या भाराची मर्यादा वाढवली: चार टायरच्या एका आसाला 10.2 ऐवजी 11.5 टन, जोड आसांना 19 ऐवजी 21. एकूण वजन मर्यादेत असलं, तरी यंत्र हातभर चुकीच्या जागी बसलं तर एखादा आस मर्यादा ओलांडू शकतो.

बांधण्याचं गणित वेगळं. जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या 80 टक्के इतका जोर पुढे आणि वळणावर निम्मा जोर बाजूला येतो, असं धरून बांधणी करण्याची पद्धत युरोपात, ऑस्ट्रेलियात आहे. 20 टनांच्या पोकलेनसाठी हे झाले 16 टन आणि 10 टन. चांगल्या प्रतीची, 13 मिलिमीटर जाडीची पोलादी साखळी सरळ ओढीत 10 टन तोलते. तिरकी बांधली की तिची उपयोगी ओढ घटते. म्हणून चारही कोपऱ्यांतून साखळ्या हव्यात: पुढच्या दोन यंत्राला पुढे ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे. बूम आणि बकेटला निराळी साखळी. हूक अडकवायचा तो खालच्या सांगाड्यातल्या कड्यांत, हायड्रॉलिक पाइपांना नाही.

पूल काय म्हणतो

वजन याहून वाढलं की प्रश्न रस्त्याचा होतो. नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियानला बनले, जहाजाने चेन्नईला उतरले आणि तिथून ट्रेलरवरून नागपुरात आले. 7 मार्च 2019 रोजी सीताबर्डी–खापरी मार्गाचं उद्घाटन झालं, त्याआधी ही गाडी शेकडो किलोमीटर रस्त्याने, तीही दुसऱ्याच्या चाकांवर आली होती.

वीज केंद्रांचे जनरेटर, ट्रान्सफॉर्मर त्याहून अवजड. त्यांच्यासाठी एकामागे एक आसांच्या ओळी जोडलेले हायड्रॉलिक ट्रेलर असतात; हायड्रॉलिक रचनेमुळे सगळ्या ओळींवर भार सारखा वाटला जातो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुलांविषयीच्या संहितेत अशा 385 टनी वाहनाचा हिशेब दिला आहे: 18 टनांचे 20 आस आणि पुढे ओढणारा पुलर. ते पुलावरून जाताना वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत, वाट रस्त्याच्या मधोमध आणि पुलावर दुसरं वाहन नाही. मागे खोळंबलेल्यांना जी रखडपट्टी वाटते, ती पूल बांधणाऱ्याने आधीच गृहीत धरलेली असते.

वाटेत काही किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्या लागतात, कारण धक्क्यांनी यंत्र जागेवर बसतं आणि साखळ्या ढिल्या पडतात. भाडं ठरतं ते टनांवर आणि किलोमीटरवर. या थांब्याची किंमत त्यात कुणी लावत नाही. काम देणाऱ्याने या थांब्याची पंधरा मिनिटं आधीच वेळापत्रकात धरली, तर ड्रायव्हरला ती चोरून काढावी लागणार नाहीत.