थंडीतला विश्वचषक आणि घरबसला प्रेक्षक

फुटबॉल हा उघड्या मैदानावरचा खेळ आहे. परंतु तो पाहणारे बहुसंख्य लोक मैदानावर नसतात, ते घरी असतात. २०२२ साली कतार देशात जी विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्या ६४ सामन्यांना मिळून प्रत्यक्ष हजेरी सुमारे ३४ लाखांची होती. उलट, एकट्या फ्रान्स देशात शेवटचा एकच सामना दूरचित्रवाणीवर सुमारे २ कोटी ४० लाख माणसांनी पाहिला. या घरबसल्या प्रेक्षकाविषयी आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत. वैशाखाच्या उकाड्यात आम्ही थंडीची गोष्ट काढली म्हणून कोणी हसेल. पण या गोष्टीच्या मुळाशी उकाडाच आहे, हे पुढे दिसून येईल.

विश्वचषक स्पर्धा चार वर्षांनी एकदा, जून-जुलै महिन्यांत भरते, असा १९३० पासूनचा रिवाज होता. याचे कारण साधे आहे. युरोपातल्या व्यावसायिक संघांच्या साखळी स्पर्धा ऑगस्टमध्ये सुरू होतात व मे महिन्यात संपतात. मधल्या सुट्टीत खेळाडू मोकळे असतात, म्हणून विश्वचषक त्या सुट्टीत बसविला गेला. तिकडे ते दिवस उन्हाळ्याचे व लांब उजेडाचे असतात. लोक चौकात मोठे पडदे लावून, हातात पेला घेऊन, उभ्याने सामने पाहतात. २००६ साली जर्मनीत स्पर्धा झाली तेव्हा बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे अशी जत्राच भरली होती.

हा रिवाज मोडला तो कतारमुळे. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिक येथे फिफा या फुटबॉलच्या जागतिक शिखर संस्थेने २०२२ ची स्पर्धा कतारला दिली. कतार म्हणजे अरबी आखातात शिरलेले एक लहानसे द्वीपकल्प. जून-जुलैत तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि समुद्रकाठामुळे हवा दमट असते. मैदानेच थंड करू, असे कतारने प्रस्तावात म्हटले होते. आणि खरोखरच पुढे आठांपैकी सात मैदानांत थंड हवा सोडण्याची यंत्रणा बसविली गेली. मैदान थंड होईल, पण सगळा देश थंड कसा होणार? अखेर मार्च २०१५ मध्ये फिफाने निर्णय केला की, ही स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात घ्यावी व १८ डिसेंबर २०२२ रोजी तिची समाप्ती व्हावी.

हा फेरफार लहान नव्हता. इंग्लंडची मुख्य साखळी १३ नोव्हेंबरनंतर थेट २६ डिसेंबरपर्यंत बंद राहिली. जर्मनीची तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उघडली नाही. एका खेळाचे सारे पंचांग उलटेपालटे झाले, आणि ते उन्हापायी झाले. ही गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी.

आता त्या हिवाळ्यातला युरोप पाहा. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा गॅस आटला होता आणि इंधनाची बिले दुपटी-तिपटीने वाढलेली होती. जर्मनीने १ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांपेक्षा अधिक ऊब ठेवू नये, असा नियमच केला होता. अशा दिवसांत चौकात उभे राहून सामना कोण पाहणार? शिवाय फ्रान्समधील पॅरिस, मार्सेय, बोर्दो, लील, स्ट्रासबुर्ग अशा शहरांनी आधीच जाहीर केले होते की, कतारमधील कामगारांचे हाल व पर्यावरणाची नासाडी लक्षात घेता आम्ही सार्वजनिक पडदे लावणार नाही. तेव्हा माणसे घरी बसली. जर्मनी-जपान हा सामना २३ नोव्हेंबरला, बुधवारी, बर्लिनच्या घड्याळात दुपारी दोन वाजता होता, म्हणजे भर कामाच्या वेळी. तो जर्मनीने १-२ असा गमावला. संध्याकाळच्या सामन्यांना बाहेर काळोख आणि गारठा, आत गुडघ्यावर घोंगडी व मांडीवर पोर. पडद्यावर मात्र अर्ध्या बाह्यांची माणसे कतारच्या सुखद हवेत धावत होती.

आपल्याकडे शेवटचा सामना रात्री साडेआठला लागला. कोल्हापूरच्या पेठांतून ज्यांनी अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे पाहिले आहेत, त्यांना त्या रात्रीचे वर्णन नको. मेस्सीचे दोन गोल, एम्बाप्पेचे तीन, ३-३ अशी बरोबरी आणि मग पेनल्टींवर अर्जेंटिनाचा ४-२ असा विजय. मोरोक्को हा उपान्त्य फेरी गाठणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला, तोही याच स्पर्धेत. खेळ उत्तम झाला. त्याविषयी आमची काही तक्रार नाही.

आमचा मुद्दा निराळा आहे. घरी बसून पाहणाऱ्याला वाटते, आपण कोण? आपण कोपऱ्यात बसलेले, आपल्या टाळीचा आवाजसुद्धा तिकडे जात नाही. हा गैरसमज आहे. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न सुमारे साडेसात अब्ज डॉलर झाले. त्यांतले जवळजवळ ३ अब्ज ४० कोटी हे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आले. तिकीट व खास पाहुणचार यांतून आले ते एक अब्जाहून थोडे कमी. म्हणजे मैदानावरच्या प्रेक्षकाने एक रुपया दिला, तर घरच्या प्रेक्षकापायी साडेतीन रुपये आले. तो पैसा आपण थेट देत नाही. आपली नजर जाहिरातदाराला विकली जाते, आणि जाहिरातदार तो पैसा साबणाच्या वडीच्या किमतीत आपल्याकडून वसूल करतो.

ज्याचा पैसा त्याचे घड्याळ, हा बाजाराचा नियम आहे. १९८६ साली मेक्सिकोत अंतिम सामना स्थानिक वेळेप्रमाणे भर दुपारी बारा वाजता खेळविला गेला. का? तर मध्य युरोपात तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि लोक जेवणखाण करून पडद्यापुढे बसतात. माराडोना व वाल्दानो या खेळाडूंनी त्या दुपारच्या उन्हाविरुद्ध तक्रार केली, पण वेळ बदलली नाही. १९९४ साली अमेरिकेतला अंतिम सामनाही पॅसाडेना येथे दुपारी साडेबारालाच सुरू झाला. खेळाडूने उन्हात धावावे आणि प्रेक्षकाने सावलीत पाहावे, असा तो करार होता. तेव्हा घरबसला प्रेक्षक दुर्बळ आहे असे कोणी म्हणू नये. त्याच्यासाठी मध्यान्हीचा सूर्यसुद्धा सोसावा लागतो. फक्त तो सोसणारा दुसरा असतो.

आता कतारकडे परत येऊ. खेळाडूंना व पाहुण्यांना जून-जुलैचे ऊन सोसणार नाही, हे २०१५ साली मान्य झाले. मग मैदाने बांधणाऱ्यांचे काय? एक मैदान जुने होते, त्याची डागडुजी झाली. सात नवी उभी राहिली. त्यांबरोबर मेट्रो, रस्ते, हॉटेले आली. ही कामे केली ती नेपाळ, भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका व आफ्रिकेतील देशांतून आलेल्या मजुरांनी. आमचे आयुष्य बांधकाम मजुरांच्या संघटनेत गेले. आमचे शिक्षण पुस्तकापेक्षा परांचीखाली अधिक झाले. म्हणून सांगतो, सळई दुपारी हातात धरवत नाही. खेळाडू नव्वद मिनिटे धावतो आणि त्याला मध्ये पाणी देतात. सळई बांधणारा दहा तास वाकलेला असतो.

कतारमध्ये २००७ पासून नियम होता की, १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन उघड्यावर काम करून घेऊ नये. हा नियम अपुरा होता, कारण तेथले ऊन सकाळी नवालाच तापते. तो सुधारला गेला २०२१ साली, म्हणजे स्पर्धेला दीड वर्ष उरले असताना. आता १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन काम बंद. आणि ऊन, दमटपणा व वारा मिळून जे उष्णतेचे मान मोजतात ते ३२.१ अंशांवर गेले, तर कोणत्याही वेळी काम थांबवावयाचे. खेळाडूंसाठी पंचांग बदलले २०१५ साली. मजुरासाठी दुपारचे तास नीट झाले २०२१ साली. या सहा वर्षांचे अंतर हाच आमच्या व्याख्यानाचा विषय आहे.

किती मजूर मेले? या प्रश्नावर मोठा वाद झाला, आणि त्यात दोन्हीकडून घाई झाली. एका ब्रिटिश वृत्तपत्राने २०२१ साली सांगितले की, २०१० नंतरच्या दहा वर्षांत दक्षिण आशियातील पाच देशांचे ६,५०० हून अधिक कामगार कतारमध्ये मृत्यू पावले. हा आकडा सर्व धंद्यांतील व सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचा आहे. तो मैदानांवरचा म्हणून सांगणे बरोबर नाही. उलट आयोजकांचा आकडा फक्त मैदानांवरच्या मजुरांचा होता: ३७, आणि त्यांतले कामामुळे तीन. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोजक समितीच्या प्रमुखांनीच स्पर्धेशी संबंधित कामांवर चारशे ते पाचशे मृत्यू झाल्याचे एका मुलाखतीत म्हटले.

आकडे इतके दूर का? कारण तरुण मजूर रात्री खोलीत झोपेत गेला, तर दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिले जाई. शवचिकित्सा बहुधा होत नसे. हृदय तर प्रत्येक मरणात बंद पडते! कतारमधील नेपाळी मजुरांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक वैद्यकीय अभ्यास आहे. २००९ ते २०१७ मध्ये हृदयविकाराने गेलेल्या ५७१ जणांपैकी सुमारे २०० जणांचे मरण उष्णतेपासून नीट संरक्षण मिळाले असते तर टळू शकले असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. दाखल्यावर कारण नाही म्हणजे नुकसानभरपाई नाही, आणि गावाकडे विधवेच्या हाती राहते ते एजंटाचे कर्ज.

अंधार सांगितला तसा उजेडही सांगितला पाहिजे. कतारमध्ये परदेशी मजुराला कामगार संघटना काढण्याचा हक्क नाही. शिवाय ‘कफाला’ नावाची पद्धत होती. मालकाच्या लेखी संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे, देशही सोडता येत नसे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेतील कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. २०१६ साली बांधकाम कामगारांच्या जागतिक महासंघाने आयोजकांशी करार करून मैदानांच्या कामांची तपासणी सुरू केली. २०१८ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे कार्यालय दोहा शहरात उघडले. त्या वर्षी बहुतेकांचा देश सोडण्याचा परवाना गेला, २०२० साली नोकरी बदलण्यासाठी लागणारी मालकाची संमती गेली, आणि मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान वेतन आले. जेवण व राहणे मालकाने दिले नाही तर वर ३०० व ५०० रियाल. अंमलबजावणीत भोके पुष्कळ राहिली, परंतु काही वर्षांपूर्वी हेही कोणी स्वप्नात पाहिले नसते. हे झाले ते जगाचे डोळे तिकडे लागले होते म्हणून, आणि त्या डोळ्यांना कामगार संघटनांनी पाहण्याची दिशा दिली म्हणून.

मग असा सामना पाहावा की पाहू नये? आमचे काही तरुण सोबती म्हणतात, पडदा बंद करावा. त्यांच्या भावनेविषयी आम्हांला आदर आहे. पण आम्हांला हे मत पटत नाही. फ्रान्सच्या शहरांनी चौकातले पडदे लावले नाहीत, तरी घराघरांतून विक्रमी संख्येने लोकांनी सामना पाहिलाच. शिवाय नजर काढून घेतली तर मजुराला काय मिळाले? धोका बहिष्काराच्या अभावात नाही, तो १९ डिसेंबरच्या सकाळी आहे. स्पर्धा संपते, डोळे दुसरीकडे वळतात, आणि मजूर तेथेच राहतो. मे २०२२ मध्ये मानवी हक्क संघटनांनी मागणी केली होती की, संघांना बक्षिसापोटी जे ४४ कोटी डॉलर मिळणार, तेवढीच रक्कम मजुरांच्या भरपाईसाठी बाजूला काढावी. २०२४ च्या अखेरीस फिफाने ५ कोटींचा निधी जाहीर केला. तोही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या उपक्रमांना गेला, मजुरांच्या कुटुंबांच्या हातात नव्हे. त्याच सुमारास, ११ डिसेंबर २०२४ रोजी, २०३४ ची स्पर्धा सौदी अरेबियाला देण्यात आली. ऊन तेथेही तेच आहे, आणि परांचीवर चढणारी माणसेही पुन्हा आपल्याच बाजूची असणार.

तेव्हा खेळ जरूर पाहावा, मुलांना घेऊन पाहावा. फक्त मैदान पडद्यावर आले की एक प्रश्न विचारावा: हे कोणत्या महिन्यात खेळतात, आणि हे कोणत्या महिन्यांत बांधले? हाच प्रश्न घराबाहेर पडल्यावरही विचारता येतो. आपल्या गावात या वैशाखात भर दुपारी कोणत्या ना कोणत्या इमारतीचा स्लॅब पडत असेल. तेथे सावलीचे छप्पर आहे काय, प्यावयाचे पाणी आहे काय, बारा ते चार विसावा मिळतो काय, एवढे ठेकेदाराला विचारण्यास कोणत्याही जागतिक संस्थेची परवानगी लागत नाही.