पाचव्या नंबरची भाग्यश्री

२८ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचे उद्घाटन. भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता, सुमित अंतिल आणि आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव. सुमितने पुढे भालाफेकीत सुवर्ण जिंकले, त्याचे फोटो देशभर झळकले. भाग्यश्री गोळाफेकीत ७.२८ मीटरवर पाचवी आली आणि प्रस्थापित माध्यमांच्या लेखी विषय संपला. पदकतालिकेत पाचव्या नंबराला रकानाच नसतो!

पण मित्रहो, हा गोळा फेकतात कसा ते बघा. एफ-३४ गटात खेळाडू जमिनीला घट्ट बांधलेल्या खुर्चीवर बसून फेकतो. पायाचा रेटा नाही, गिरकी नाही. सारा जोर कंबरेच्या वरचा, तोही ज्या स्नायूंवर ताबा राखणे हीच रोजची लढाई आहे त्यांचा. २०२१ मध्ये टोकियोत ती सात मीटरवर सातवी होती. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य. मे २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य, ७.५६ मीटर. ही दोन रौप्ये तरी किती जणांना ठाऊक आहेत?

लातूरकडे रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांच्या कुस्त्या आजही पारावर रंगतात. रंगाव्यातच. भाग्यश्रीचे नाव मात्र त्या पारापर्यंत अजून पोचायचे आहे.

आम्ही तिचे चाहते पदके मोजत बसत नाही, अंतर मोजतो. टोकियो ते पॅरिस, तीन वर्षे, अठ्ठावीस सेंटिमीटर.