नोकरी करणाऱ्या आपल्या भगिनी आणि सहनशीलतेचा प्रश्न



आपल्या मदतीने वसतिगृहात राहून शिकलेल्या मुली आता कामाला लागल्या आहेत. कोणी नर्स आहे, कोणी आश्रमशाळेत शिक्षिका, कोणी अंगणवाडी सेविका. दोघीतिघी तालुक्याच्या गावी कचेरीत आहेत. मुलीला नोकरी लागली की आपण देवाचे आभार मानतो, तिचा फोटो पत्रिकेत छापतो आणि पुढच्या मुलीकडे वळतो. नोकरी लागल्यानंतर तिचे काय होते याची चौकशी आपण फारशी करत नाही. या लेखात त्याविषयी लिहायचे आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे.

त्या मुलीचे नाव, गाव आणि जिल्हा मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईल. ती एका उपकेंद्रात नर्स आहे. आदिवासी व डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, सपाटीवर ५,००० मागे. आकडा लहान वाटतो, पण ते ३,००० लोक दहा-बारा पाड्यांवर विखुरलेले असतात आणि पावसाळ्यात दोन पाड्यांच्या मधला ओढा ओलांडता येत नाही. लसींचा डबा खांद्याला, दप्तर पिशवीत आणि पायात रबरी चपला, असे तिचे काम. या कष्टांबद्दल तिने माझ्याकडे कधी कुरकुर केली नाही.

गेल्या जुलैत ती माझ्याकडे आली ती वेगळ्या कारणाने. तिच्या वरच्या एका अधिकाऱ्याचे रात्री-अपरात्री फोन येत होते. मासिक सभेनंतर तिला एकटीला थांबवून घेतले जाई. एके दिवशी त्याने तिचा हात धरला. ती हात सोडवून निघून आली. त्यानंतर फोन बंद झाले आणि नोटिसा सुरू झाल्या. गृहभेटी कमी का, नोंदी अपुऱ्या का, आणि शेवटी तोंडी हुकूम, की न झालेल्या भेटीही रजिस्टरात भरून टाक.

मी स्वतः एकतीस वर्षे नर्सिंगमध्ये काढली आहेत. मला हे समजायला हवे होते. पण मी काय म्हणाले? म्हणाले, ‘‘सोस बाई. प्रार्थना कर. देव पाहतो आहे. नवी नोकरी आहे, तुझ्या घरचे सगळे तुझ्यावर आहे.’’ मग आम्ही दोघींनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मी तिला एस.टी.त बसवून दिले. मला वाटले, आपण आपले कर्तव्य केले.

ती नोव्हेंबरात परत आली. वजन उतरले होते. या वेळी तिने सल्ला मागितला नाही. फक्त विचारले, ‘‘बाई, तक्रार केली तर ते पाप होईल का?’’

हा प्रश्न आपल्या मंडळ्यांमधील पुष्कळ भगिनींच्या मनात असतो. तो त्यांच्या मनात आपणच घातला आहे. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात अन्याय सोसणाऱ्यांना धीर दिला आहे. तो उतारा आपण नोकरी करणाऱ्या स्त्रियांना नेहमी वाचून दाखवतो. पण पेत्र तिथे गुलामांना लिहीत होता. त्यांना धन्याविरुद्ध दाद मागायला जागाच नव्हती. ज्याच्यापुढे एकही दार उघडे नाही त्याला दिलेला धीर, ज्या बाईसमोर दार आहे तिला गप्प बसवायला वापरणे योग्य आहे का? दुसरा गाल पुढे करण्याची शिकवणही अशीच सांगितली जाते. त्याच प्रभूला प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने उलट हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. माझे बोलणे चुकले असेल तर दाखव, नाहीतर मारतोस का, असा त्याने सरळ जाब विचारला. योहानाच्या अठराव्या अध्यायात हे आहे. आपण ते वधस्तंभाकडे जाण्याच्या घाईत वाचून पुढे जातो.

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय तर मी गेल्या काही महिन्यांत कितीदा वाचला असेन. फिलिप्पै शहरात पौल व सीला यांना चौकशी न करता छड्या मारून तुरुंगात टाकले. मध्यरात्री ते प्रार्थना करीत व स्तोत्रे गात होते. रविवारच्या शाळेत आपण इथपर्यंतच शिकवतो, फार तर भूमिकंपापर्यंत. पण सकाळ झाल्यावर अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की यांना सोडून द्या. प्रकरण गुपचूप मिटत होते. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला उघडपणे मारले आहे, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे. आणि ते आले. रात्री स्तोत्र गाणारा आणि सकाळी कायद्याने जाब मागणारा माणूस एकच होता. सुटल्यावर ते गेले लुदियेच्या घरी. ती थुवतीराची, जांभळी वस्त्रे विकणारी, आपल्या धंद्यावर उभी असलेली बाई. फिलिप्पैची मंडळी तिच्या घरात जमत असे. तिलाही बाजारात काय काय तोंड द्यावे लागले असेल, ते लिहिलेले नाही.

गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात आणि बापाचे वतन मागतात. भाऊ नाही म्हणून त्यांना काहीच मिळत नव्हते. मोशे त्यांना रागावला नाही आणि सहन करा असेही म्हणाला नाही. त्याने त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने मुलींचे म्हणणे बरोबर ठरवले. पुढे तो सगळ्यांसाठी नियम झाला. त्या पाचही जणींची नावे शास्त्राने लिहून ठेवली आहेत.

आता रजिस्टराचे. खोट्या नोंदी भरण्याचा दबाव नर्सवर येतो, शिक्षिकेवर येतो, हजेरी आणि पोषण आहाराच्या नोंदीत तर फारच येतो. त्यासाठी निर्गमाचा पहिला अध्याय पाहा. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी. म्हणजे आपल्याच व्यवसायातल्या! त्यांना खुद्द फारोने हुकूम दिला की इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका. त्यांनी देवाचे भय धरले आणि हुकूम मानला नाही. त्या अध्यायात राजाचे नाव कुठेच नाही, सुइणींची आहेत. खोटी गृहभेट लिहिणे म्हणजे बाळ मारणे नव्हे, हे मला मान्य आहे. पण मी वॉर्डात पाहिले आहे, की कागदावर तपासलेली आणि प्रत्यक्षात न तपासलेली गरोदर बाई शेवटच्या दिवशी फिट येऊन दाखल होते. तिचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो. रजिस्टरात मात्र तो नेहमी चांगला असतो.

मग सोसायचे काहीच नाही का? आहे, पुष्कळ आहे. लांबचा रस्ता, अपुरी औषधे, रात्रीची बाळंतपणे, ज्याचे भले करावे त्याचीच बोलणी, आपल्याआधी दुसऱ्याला मिळालेली बढती. यातले काही अन्यायाचेही असते आणि तरी माणूस ते देवावर सोपवून कामाला लागतो. पण बाईच्या अंगाला हात लावणे आणि तिच्या हाताने खोटे लिहवून घेणे या दोन गोष्टी त्या यादीत येत नाहीत. माझे मत असे आहे. काही वडीलधाऱ्यांना ते पटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीला तर याचे उदाहरण घरातच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. नवी विश्वासी, परक्या देशात, बरोबर लहान मुलगी, आश्रय मंडळीचाच. गप्प बसणे सोपे होते. रमाबाईंनी मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना लिहून कळवले की माझ्या आईने व मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि इथले लोक ती घेतात याचे मला नवल वाटते. पुढे याच बाईंनी शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती सदन उभे केले आणि मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले. बिशपांशी वाद घातल्याने त्यांचा विश्वास उणा झाला नाही.

आता कायद्याचे थोडे. हे मलाही नोव्हेंबरापर्यंत नीट माहीत नव्हते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. त्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आहे, आणि त्या निकालाच्या मुळाशी राजस्थानातील भंवरी देवी ही गावपातळीवरची कार्यकर्ती. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करताना १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला. शहरातल्या कचेऱ्यांतील स्त्रियांना आज जो आधार आहे तो एका खेड्यातल्या बाईमुळे मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणारी बाईसुद्धा तिथे जाऊ शकते. तक्रार लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने मदत केली पाहिजे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. त्या काळात तिची किंवा त्या माणसाची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जास्तीची रजा, असा दिलासा लेखी मागता येतो. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. या एका भीतीने किती जणी मागे हटतात!

आणि मुदत. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. ती जुलैत माझ्याकडे आली तेव्हा मुदत पुरी शिल्लक होती. नोव्हेंबरात ती संपलेली होती. मी दिलेल्या सल्ल्याने तिची मुदत खाल्ली.

कायद्यात एक सवलत आहे. उशिराचे कारण समितीला पटले तर ती तशी नोंद करून आणखी तीन महिन्यांपर्यंत वेळ वाढवून देऊ शकते. म्हणून आम्ही बसून अर्ज लिहिला. तारखा, फोनच्या वेळा, त्या दिवशी सभेला कोण हजर होते ते सर्व लिहिले आणि सहा प्रती काढल्या. सोबत मी माझे पत्र जोडले, की या मुलीने मला जुलैतच सर्व सांगितले होते, आणि तिला गप्प राहण्यास मी सांगितले. ते वाक्य लिहिताना मला दोनदा उठून पाणी प्यावे लागले. समितीने उशीर माफ केला.

मंडळीकडून काय हवे, याविषयी दोन गोष्टी. पहिली, नावाची. तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव-पत्ता उघड करू नये असे कायदाच सांगतो, म्हणून इथे ते नाही. आपल्याकडे मात्र प्रार्थना-विनंती म्हणून व्हॉट्सॲपवर सगळी हकीकत फिरते, कधी फोटोसकट. भावना चांगली असते, पण मुलीचे नुकसान होते. ‘एका भगिनीसाठी’ एवढे म्हटले तरी देवाला कळते. दुसरी, रविवारची. नर्सची रविवारी ड्यूटी असली की तिची जागा रिकामी दिसते आणि कुजबुज होते. प्रभूने शब्बाथ दिवशी सभास्थानात अठरा वर्षे वाकलेल्या बाईला सरळ केले, तेव्हाही कुजबुज झाली होती. ज्या भगिनीला रविवारी येता येत नाही, तिच्याकडे बुधवारी कोणी जाते का? त्या मुलीकडे जुलै ते नोव्हेंबर कोणी गेले नाही. मीही नाही.

चौकशीची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. तो माणूस अजून जागेवर आहे. मुलीने बदली मागितलेली नाही. म्हणते, पाड्यावर तीन बायकांचे दिवस भरत आले आहेत, त्यांना टाकून कशी जाऊ. न झालेल्या भेटी तिने लिहिलेल्या नाहीत, म्हणून तिसरी नोटीस आली आहे. तिचे उत्तर आम्ही तारखांनिशी दिले आहे.

तिने एकच मागितले आहे, की त्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर बाकावर आपली दोन माणसे बसलेली असावीत. महिला संगतीतील एक भगिनी आणि मी जाणार आहोत. गाडी पहाटे पावणेसहाची आहे. डबा संगतीतल्या बायका देणार आहेत.