पाणी बघायला निघालेलं कोल्हापूर

पावसाने जोर धरला की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, ‘पाणी किती फुटावर आलंय?’ राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की माणसं पोराबाळांसह नदीकडे निघतात. संकट चढत येतंय हे ठाऊक असूनही ते डोळे भरून पाहावंसं का वाटतं?

1746 च्या जानेवारीत डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्यालाही तसंच वाटलं. लिफी नदीच्या पुराने त्याच्या गल्लीला वेढा घातला होता आणि निसर्गाचं ते भीषण रूप पाहून मन भव्य विचारांनी भरून जातं, असं तो मित्राला पत्रात लिहीत होता. हा एडमंड बर्क. पुढे 1757 मध्ये त्याने यावर ग्रंथच लिहिला. सुंदर गोष्ट सुखावते. भव्य-भीषण अशा उदात्ताच्या मुळाशी मात्र भय असतं, आणि ते थोड्या अंतरावरून भेटलं तर त्यातूनही आनंद उपजतो, असं त्याचं म्हणणं.

1790 मध्ये तत्त्वज्ञ कांटने त्याहून अजब गोष्ट सांगितली. उदात्तता नदीत नसतेच. ती पाहणाऱ्याच्या मनात असते! कोल्हापूरच्या शिवाजी पुलापलीकडे पसरलेलं पाणी नजरेत मावत नाही, कल्पनाशक्ती थकते. तरी त्या अफाटाचा एकसंध विचार बुद्धी करू शकते. लोंढ्यापुढे देह कःपदार्थ, पण आपल्यातलं काहीतरी त्याला शरण जात नाही, हे तिथेच उमगतं. अट एकच, आपण स्वतः सुरक्षित असायला हवं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेलं, तेव्हा ही अट केवढी मोठी आहे ते कळलं. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांत घरात पाणी शिरलेल्यांना उदात्ताशी काय देणंघेणं? खाली नृसिंहवाडीत, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे आणखी निराळं. पुराचं पाणी मंदिरात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडतं, आणि त्यात स्नान करायला भाविकांची झुंबड उडते. तिथे भयाला आवर घालते ती श्रद्धा.

कांटने आणखी एक बजावलंय. मनात नीतिविचारांची मशागत झालेली नसेल, तर असं दृश्य नुसतंच भयंकर वाटतं. मग पाणी बघता बघता ‘चिखलीकरांचं काय झालं असेल?’ असं ज्याच्या मनात येतं, त्याला उदात्त अधिक कळलंय, असंच म्हणायला हवं.